रेघेच्या पोटातली लाट

ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची, हे माप ठरलेलं आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे छोट्या चौकोनाची रुंदी ०.०४ सेकंदाची आणि उंची ०.१ मिलिव्होल्टची. आता याच मापानं १.९ मायक्रोव्होल्ट किती उंच दिसतील, याचा हिशेब करून पाहा. उत्तर येतं मिलिमीटरचा जेमतेम ५० वा भाग. आलेख काढणारी रेघच याच्या कित्येक पट जाड असते. इतकी बारीक लाट कागदावर उमटली तरी ती रेघेच्या पोटातच राहणार. अनुभवी डॉक्टरनं भिंग लावून पाहिलं तरी ती दिसायची नाही.

आणि तरीही हृदयरोगाच्या अभ्यासात १.९ मायक्रोव्होल्ट हा आकडा उंबरठा म्हणून वापरला गेला आहे. ईसीजीतली ‘टी’ नावाची लाट एका ठोक्याला किंचित उंच, पुढच्याला किंचित बुटकी, पुन्हा उंच, पुन्हा बुटकी अशी आळीपाळीनं बदलत असेल आणि तो बदल या आकड्यापर्यंत पोचत असेल, तर त्या हृदयाचा ताल एखाद्या दिवशी जीवघेणा बिघडण्याची शक्यता अधिक. हृदयविज्ञानातल्या ज्या गोष्टींनी मला थक्क केलं, त्यांत ही सर्वांत वर आहे.

हा खटाटोप कशासाठी? हार्ट अटॅकमधून माणूस वाचतो, घरी येतो, काही महिन्यांत कामालाही लागतो. पण हृदयाच्या स्नायूचा जो तुकडा रक्ताअभावी मेला, तिथे आता वण आहे. हा वण कधीतरी, कदाचित कित्येक वर्षांनी, विजेच्या लाटेला स्वतःभोवती गरगर फिरायला लावू शकतो. ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात जातात, मग ती लाट फुटते, तिचे तुकडे होतात आणि हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे थांबून नुसते थरथरत राहतात. रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते. छातीवर दाब देणारं कुणी जवळ नसेल, तर शॉक देऊन वाचवता येण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. सकाळी चहा पिऊन बाहेर पडलेला माणूस दुपारी नसतो, तो बहुतेक वेळा अशा रीतीनं गेलेला असतो.

यावर उपाय आहे, आणि तो एका माणसाच्या दुःखातून जन्मला. मिशेल मिरोव्स्की हे मूळचे पोलंडचे हृदयरोगतज्ज्ञ. इस्रायलमध्ये ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, ते हॅरी हेलर १९६६ साली हृदयाचा ताल बिघडूनच गेले. असा माणूस चोवीस तास रुग्णालयात राहू शकत नसेल तर शॉक देणारं यंत्रच त्याच्या शरीरात बसवावं, हा ध्यास मिरोव्स्कींनी घेतला. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं. आज आपण त्याला आयसीडी म्हणतो. ते सतत ठोके ऐकत राहतं आणि ताल जीवघेणा झाला की आतूनच शॉक देतं.

मग ते सगळ्यांनाच का बसवू नये? कारण ते महाग आहे, त्याच्या वायरी कधी तुटतात, कधी जंतुसंसर्ग होतो, आणि चुकून, गरज नसताना, जागेपणी बसलेला शॉक माणसाला आतून हादरवून टाकतो. ज्याला त्याची गरज कधीच पडणार नव्हती अशा माणसाला हे सारं सोसायला लावणं बरोबर नाही. म्हणून प्रश्न उरतो तो एवढाच: कुणाला? घटना घडण्याआधी, हृदय व्यवस्थित धडधडत असताना, त्याच्या विजेच्या आलेखात येणाऱ्या संकटाची काही खूण सापडेल का?

ईसीजीचा सगळा इतिहास अधिकाधिक नाजूक ऐकण्याचा इतिहास आहे. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्थोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र बनवलं, त्याच्या मध्यभागी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा होता. वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला चिकटवून तो बाण सोडायचा. उडता उडता त्याच्यामागे जो तंतू ताणला जाई, तो एवढा बारीक असे की हृदयाच्या विजेनंही चुंबकाच्या ध्रुवांमध्ये डोले. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत ईसीजी मागवून घेतला. पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावं त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पण तो धागा कितीही बारीक असला तरी वणाच्या कडेला चाललेली कुजबुज त्याच्या आवाक्यापलीकडे होती.

ती कुजबुज समजून घ्यायची तर वणाच्या कडेला जावं लागेल. तिथला सगळा स्नायू मेलेला नसतो. घट्ट, निर्जीव तंतूंच्या मधूनमधून जिवंत पेशींच्या बारीक ओळी वाचलेल्या असतात. निरोगी स्नायूतून विजेची लाट सुसाट जाते. खालचे दोन्ही कप्पे साधारण ०.०८ ते ०.१ सेकंदात पेटून उठतात. वणातल्या या ओळींतून मात्र ती नागमोडी वळणं घेत, अडखळत, थांबत पुढे सरकते. मोठी सर ओसरून ओहोळाचं पाणी खाली निघून गेलं तरी भातखाचराच्या बांधाच्या भेगांतून पाणी झिरपत राहावं, तसं बाकीचं हृदय पेटून झाल्यावरही इथली वीज झिरपत असते. धोका या उशिरातच आहे. उशिरा बाहेर पडलेल्या या लाटेला भोवतीचा स्नायू विश्रांती घेऊन पुन्हा तयार झालेला सापडला, तर ती त्याला पुन्हा पेटवते, फिरून वणात शिरते, पुन्हा बाहेर येते. गरगर सुरू होते ती अशी.

ही झिरपणारी वीज त्वचेवर पोचेपर्यंत काही मायक्रोव्होल्टची उरते. तेवढ्याच उंचीचा गोंधळ छातीचे स्नायू, इलेक्ट्रोडखालची त्वचा आणि भिंतीतल्या वायरिंगची वीज मिळून घालत असतात. मग तिला वेगळं कसं काढायचं? उत्तर इतकं साधं आहे की त्याचं सौंदर्य चटकन लक्षात येत नाही. गोंधळाला शिस्त नसते, तो एका ठोक्याच्या वेळी वर असेल तर दुसऱ्याच्या वेळी खाली. हृदयाचा संकेत मात्र दर ठोक्याला त्याच जागी, त्याच आकारानं येतो. माणसाला स्वस्थ निजवून दोन-तीनशे ठोके नोंदवा, ते एकावर एक अचूक बसवा आणि सरासरी काढा. गोंधळ आपापसांत भिडून विरत जातो. १०० ठोक्यांची सरासरी घेतली तर तो एक दशांश राहतो, ४०० घेतले तर एक विसांश. विजेचा संकेत आहे तसा शिल्लक राहतो. दहा-पंधरा मिनिटं निपचित पडून राहिलेल्या माणसाकडून, सुई न टोचता, त्याच्या हृदयाच्या आतल्या वणाची बातमी छातीवर मिळते.

पेनसिल्वेनिया विद्यापीठातले मायकेल सिम्सन यांनी १९८१ साली हे तंत्र मार्गी लावलं. त्यात एक अडचण मोठी विलक्षण होती. सरासरी काढल्यावर बारीक लाटा उठून दिसाव्यात म्हणून संकेत गाळून घ्यावा लागतो, आणि गाळणीतून ईसीजीची मोठी, टोकदार क्यूआरएस लाट गेली की तिच्यामागे काही काळ कंप उमटत राहतो. आपल्याला हवी असलेली बारीक शेपटी नेमकी त्याच जागी असते. कंप तिला झाकून टाकतो. सिम्सन यांनी शेपटीकडचा भाग काळाच्या उलट्या दिशेनं गाळला. शेवटाकडून मागे यायचं. मग गाळणीला आधी शांतता भेटते, नंतर बारीक शेपटी आणि सगळ्यात शेवटी ती दांडगी लाट. तिचा कंप उमटेपर्यंत आपलं काम झालेलं असतं. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो.

या तपासणीचे निकष आकड्यांत बसवलेले आहेत. गाळलेल्या क्यूआरएसची लांबी ११४ मिलिसेकंदांहून जास्त, शेवटच्या ४० मिलिसेकंदांतली ताकद २० मायक्रोव्होल्टहून कमी, आणि ४० मायक्रोव्होल्टखाली रेंगाळणारी शेपटी ३८ मिलिसेकंदांहून लांब, ही संकटाची लक्षणं.

वणाची खूण जागेची आहे. टी लाटेची आळीपाळी ही काळाची खूण आहे, आणि माझ्या मते तीच जास्त अद्भुत. आळीपाळी डोळ्यांना दिसावी एवढी ठळक असेल तर ती वाईट, हे लंडनचे थॉमस लुईस यांनी १९१० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं: ठोके फार वेगानं पडत असताना ती निरोगी हृदयातही दिसते, पण वेग साधा असताना दिसली तर स्नायू गंभीर आजारी आहे. अशी ठळक उदाहरणं मात्र क्वचितच सापडत. १९८० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. ही आळीपाळी डोळ्यांना दिसत नाही तिथेही असेल तर?

इथे सरासरी उपयोगाची नाही, कारण सरासरीत उंच आणि बुटके ठोके मिसळून आळीपाळीच पुसली जाईल. म्हणून त्यांनी सलग १२८ ठोके घेतले, प्रत्येक ठोक्याच्या टी लाटेवरच्या एकाच बिंदूची उंची मोजली आणि या १२८ आकड्यांच्या माळेत कोणकोणत्या लयी दडल्या आहेत ते गणितानं तपासलं. श्वासाची लय त्यात दिसते, हालचालीची दिसते. ‘एक सोडून एक’ ही लय मात्र स्वतःच्या ठरलेल्या जागी येते, दर ठोक्याला अर्ध्या आवर्तनाच्या जागी. तिथे जरी छोटंसं शिखर उभं राहिलं तरी आजूबाजूच्या गोंधळातून ते ओळखता येतं. रेघेच्या पोटातली ती लाट हाती लागली ती अशी.

ठोके थोडे वाढवावे लागतात, म्हणून ही तपासणी ट्रेडमिलवर किंवा सायकलवर करतात. मिनिटाला साधारण ११० च्या आत आळीपाळी सुरू होऊन टिकून राहिली, तर ती खरी धोक्याची. त्याच्या वर ती चांगल्या हृदयातही येऊ शकते. सायकलवरची एक खबरदारी मला फार आवडते. पायडल मारण्याची गती ठोक्यांच्या बरोबर निम्मी झाली, तर पायांची हालचालच ‘एक सोडून एक’ अशी उमटते आणि हृदयाच्या नावावर खोटी खूण चढते. म्हणून रुग्णाला पायडल कोणत्या गतीनं मारायचं तेही सांभाळायला सांगतात.

आळीपाळी मुळात होते का? प्रत्येक ठोक्याला हृदयाची पेशी आपल्या कोठारातून कॅल्शियम सोडते आणि ठोका संपला की ते पुन्हा गोळा करते. आजारी पेशीचं हे गोळा करणं संथ झालेलं असतं. ठोके जरा वाढले की कोठार पुरतं भरायच्या आत पुढचा ठोका येतो. त्या ठोक्याला कॅल्शियम कमी सुटतं. कमी सुटलं म्हणून गोळा करायलाही कमी असतं, कोठार भरून निघतं आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा भरपूर सुटतं. पेशीच्या विजेचा कालावधीही त्याबरोबर लांब-आखूड होत राहतो. सगळ्या पेशी एकाच वेळी लांब आणि एकाच वेळी आखूड होत असतील, तोवर फारसं बिघडत नाही. पण वेग आणखी वाढला की शेजारचे दोन भाग उलटसुलट चालू लागतात: एक लांब असताना दुसरा आखूड, आणि पुढच्या ठोक्याला अदलाबदल. आता त्यांच्या सीमेवर आलेल्या लाटेला एका बाजूला दार उघडं आणि दुसऱ्या बाजूला बंद. ती अडते, वळते, फिरू लागते आणि फुटते. विजेनुसार चमक बदलणारे रंग वापरून गिनीपिगच्या हृदयावर हे सारं प्रत्यक्ष पाहिलं गेलं, तो शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. कागदावर अदृश्य राहणारी खूण आणि मरणाची यंत्रणा यांच्यामधली साखळी कडीला कडी जोडून दिसली.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या ८३ रुग्णांवरचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. आळीपाळी नसलेल्यांपैकी ९४ टक्के जण २० महिन्यांत तालाच्या संकटाविना राहिले. असलेल्यांपैकी फक्त १९ टक्के.

तिसरी खूण बेताल ठोक्यांची आहे आणि तिच्या मागे एक दुःखद धडा आहे. हार्ट अटॅकनंतर मधूनच जादा ठोके पडणाऱ्या माणसांना मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. मग ठोके दाबणारी औषधं दिली की माणूस वाचेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. अमेरिकेत कास्ट या नावाची मोठी चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी जादा ठोके खरोखर कमी झाले, पण औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. १९८९ साली चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. दिसणारी खूण पुसली म्हणजे धोका पुसला जात नाही, हे त्या माणसांच्या जिवांची किंमत देऊन कळलं.

पुढे १९९९ मध्ये म्युनिकचे गेऑर्ग श्मिट आणि सहकाऱ्यांनी जादा ठोक्याकडे नव्यानं पाहिलं. ठोका मोजून सोडून देण्याऐवजी त्यांनी त्याच्यानंतरचे ठोके पाहिले. जादा ठोक्यात रक्तदाब क्षणभर पडतो. निरोगी शरीर ते लगेच ओळखतं: पुढचे एकदोन ठोके घाईनं पडतात, मग हळूहळू संथ होत लय पूर्ववत होते. हा सगळा खेळ इतका सूक्ष्म की अनेक जादा ठोक्यांची सरासरी काढल्यावरच तो दिसतो. ज्यांच्यात ही प्रतिक्रियाच नाहीशी झालेली, ठोक्यांची माळ दगडासारखी सपाट, त्यांना मृत्यूचा धोका जास्त आढळला. १९८७ मध्ये ८०८ रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदींतूनही हेच सूचित झालं होतं. ठोक्यांमधलं अंतर ज्यांचं फारच कमी बदलतं, त्यांचा मृत्यूचा धोका भरपूर बदल असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होता. अगदी घड्याळासारखं चालणारं हृदय हे चांगल्या तब्येतीचं लक्षण नाही, ही कल्पना मनात रुजायला वेळ लागतो.

एवढं सगळं हाती असताना या तपासण्या गावोगावी का होत नाहीत, असं कुणीही विचारेल. कारण सिद्धतेची परीक्षा याहून कठोर असते. हृदयाचं पंपिंग कमी आणि सरासरी-ईसीजी बिघडलेला, अशा बायपास होणाऱ्या ९०० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीच आयसीडी बसवलं. १९९७ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक नव्हता. टी लाटेच्या आळीपाळीची कसोटी २००८ मध्ये पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, आयसीडी बसवलेल्या रुग्णांवर पाहिली गेली. कुणाला शॉक लागणार हे ती नीट सांगू शकली नाही. त्यामुळे आयसीडी कुणाला द्यायचं, हे डॉक्टर आजही प्रामुख्यानं इकोवरच्या पंपिंगच्या टक्क्यावरून ठरवतात, जरी तो टक्का स्नायूच्या जोराबद्दल सांगतो आणि विजेबद्दल काहीच सांगत नाही. मला यातली सगळ्यात बोचरी गोष्ट ही वाटते, की अचानक मृत्यू पावणाऱ्यांपैकी पुष्कळांचं पंपिंग चांगलंच असतं. ते कुठल्याही धोक्याच्या यादीत नसतात. त्यांना आधी ओळखणं हाच या शास्त्रापुढचा खरा डोंगर आहे.

तरीही या खुणा वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. त्यांचं ‘नाही’ त्यांच्या ‘हो’पेक्षा अधिक भरवशाचं असतं, आळीपाळी दिसली नाही तर धोका कमी, हे सांगणं त्यांना बऱ्यापैकी जमतं. उजव्या खालच्या कप्प्याचा स्नायू चरबीत आणि वणात बदलत जाणारा एक आनुवंशिक आजार आहे. त्याच्या निदानाच्या २०१० च्या निकषांमध्ये सिम्सनच्या सरासरी-पद्धतीलाही जागा होती.

आणि काही आजारांत तर खास जागी काढलेला ईसीजी हेच निदान असतं. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी १९९२ साली आठ रुग्णांचं वर्णन केलं. हृदयाच्या रचनेत काही दोष नाही, पण छातीच्या उजव्या बाजूच्या लीड्समध्ये क्यूआरएसनंतरची रेघ उंच जाऊन घसरगुंडीसारखी खाली येते आणि माणूस ताल बिघडून कोसळतो. थायलंड, फिलिपिन्स आणि जपानमध्ये धडधाकट तरुण पुरुष झोपेत मरण पावत, आणि त्या मृत्यूंना तिथल्या लोकभाषांत पिढ्यानुपिढ्या नावं होती. त्यांतले पुष्कळ मृत्यू याच आजाराचे होते, हे नंतर कळलं.

ब्रुगाडाची खूण रोज दिसतेच असं नाही. आज ईसीजी स्वच्छ, आणि ताप चढला की तोच आलेख बिघडलेला. पहिल्या दोन छातीच्या लीड्स नेहमी चौथ्या फासळीफटीत लावतात. शंका असेल तर टेक्निशियन त्या तिसऱ्या, मग दुसऱ्या फटीत सरकवतो, आणि खाली लपलेली घसरगुंडी दोन बोटं वर उमटलेली सापडते. तरीही दिसली नाही तर रुग्णालयात, शॉकचं यंत्र शेजारी ठेवून, अजमालीन हे औषध शिरेतून देतात आणि आलेखावर डोळे लावून बसतात. निदान झालं की रुग्णाला सांगतात: ताप अंगावर काढू नका, लगेच उतरवा, कुठलंही नवं औषध घेण्याआधी टाळायच्या औषधांची यादी डॉक्टरला दाखवा. मग आईवडील, भावंडं आणि मुलं यांनाही ईसीजीसाठी बोलावलं जातं, आणि त्यांच्याही लीड्स एक-एक फट वर सरकवून पाहिल्या जातात.